अरण्यांतील ओढा आणि त्याची टाचणी



चतुर ठाऊक नाहीं असें मूल महाराष्ट्रांत सांपडणें कठीण. पाऊस ओसरूं लागला, कीं भाताच्या खाचरांवर आणि गांवाबाहेरच्या माळावर चतुरांचे थवे घिरट्या घालूं लागतात, आणि त्यांच्या शेपटीला दोरा बांधण्याचा निर्दय खेळही पुष्कळ मुलांच्या अंगवळणीं पडलेला असतो. या चतुराची एक सडपातळ बहीण आहे. ती पाण्याच्या कांठच्या गवतावर पंख मिटून स्वस्थ बसलेली असते, आणि तिचा बांधा इतका बारीक असतो, कीं जवळून जाणाऱ्यासही ती सहसा दिसत नाहीं. मराठींत तिला टाचणी म्हणतात, आणि हें नांव तिला शोभतेंही. आज मला बोलावयाचें आहे तें टाचणीविषयीं. परंतु आपल्या तळ्याकांठच्या टाचणीविषयीं नव्हे, तर आफ्रिका खंडांतील दाट अरण्यांतून वाहणाऱ्या लहान लहान ओढ्यांवर जिचें सारें आयुष्य जातें तिच्याविषयीं.

इतक्या दूरच्या आणि इतक्या क्षुद्र प्राण्याची ओळख करून घेऊन आम्हांस काय करावयाचें आहे, असा प्रश्न आपल्या मनांत येणें साहजिक आहे. त्याचें उत्तर असें, कीं या प्राण्याच्या ठिकाणीं नांव आणि गांव हीं दोन्ही एकमेकांत इतकीं गुंतलेलीं आहेत, कीं एक सोडून दुसरें समजत नाहीं. माणूस भेटला म्हणजे आपण प्रथम त्याचा चेहरा पाहतों, नांव विचारतों, आणि मग गांव. अरण्यांतील टाचणीच्या बाबतींत हा क्रम उलटा धरावा लागतो. आधीं गांव विचारावें, मग नांव. आणि तें गांव उजाड झालें, तर नांव पुस्तकांत राहतें, नांवाची धनीण मात्र राहत नाहीं. ही गोष्ट उलगडून सांगण्यासाठींच आजचें भाषण आहे.

प्रथम चतुर आणि टाचणी यांतील भेद पाहूं. बहुतेक चतुरांचे डोळे डोक्यावर एकमेकांना भिडलेले असतात; टाचणीचे डोळे डोक्याच्या दोन टोकांना, डमरूच्या दोन तोंडांसारखे, दूर दूर असतात. चतुराचे मागचे पंख बुडाशीं रुंद असतात. टाचणीचे चारही पंख जवळजवळ सारख्या आकाराचे व बुडाशीं निमुळते असतात. चतुर बसला तरी पंख पसरूनच बसतो. टाचणी बहुधा ते पाठीवर मिटून घेते. बहुधा म्हणण्याचें कारण असें, कीं कांहीं टाचण्या पंख अर्धवट उघडे ठेवूनही बसतात, आणि ही त्यांची संवयही ओळखीची एक खूण होते. जगांत चतुर व टाचण्या यांच्या मिळून सहा हजारांहून अधिक जाति शास्त्रज्ञांनीं नोंदविल्या आहेत, आणि त्यांपैकीं सातशेंहून अधिक आफ्रिकेंत आहेत.

आफ्रिका म्हटली, कीं आपल्या डोळ्यांपुढें सहाराची वाळू येते, नाहीं तर सिंहांचीं आणि झेब्र्यांचीं माळरानें येतात. परंतु त्या खंडाच्या मध्यभागीं, विषुववृत्ताच्या दोहों बाजूंस, गिनीच्या आखाताच्या किनाऱ्यापासून कॅमेरून, गाबोन आणि कांगो यांवरून पसरलेलें एक प्रचंड अरण्य आहे. पूर्वेकडे तें तुटत जातें, आणि केनियाच्या तैता टेकड्यांपासून टांझानियाच्या उद्झुंग्वा डोंगरांपर्यंत एका कमानीसारख्या पसरलेल्या पर्वतांवर त्याचीं बेटें उरतात. हिंदी महासागरावरून येणारे ओले वारे या डोंगरांना अडतात, आणि म्हणून भोंवतालचा प्रदेश कोरडा असतांही तेथील रानें हिरवीं राहतात. या साऱ्या अरण्यांतून असंख्य ओढे वाहतात. कांहीं इतके अरुंद, कीं मूलही उडी मारून पलीकडे जाईल. आणि वर झाडांचें छत इतकें दाट, कीं भर दुपारींही पाण्यावर ऊन कवडशांनींच पडावें.

अशा ओढ्याच्या कांठानें खालीं खालीं चालत गेलें, तर तो एकच ओढा अनेक रूपें धारण करतो. उगमाशीं नुसता पाझर असतो; शेवाळलेल्या खडकांवरून आणि कुजलेल्या पानांतून पाणी झिरपत असतें. थोडें खालीं तो दगडाधोंड्यांवरून खळाळूं लागतो. पुढें एखादा संथ डोह लागतो, त्यांत काठावरच्या झाडांच्या तंतुमुळ्या केसांच्या झुपक्यांसारख्या लोंबत असतात. त्याच्याही पुढें जमीन सपाट होते, तळ वाळूचा होतो, आणि जेथें एखादा जुना वृक्ष उन्मळून पडला असेल तेथें उन्हाचा मोठा तुकडा पाण्यावर पसरलेला दिसतो. आपणांस हा एकच ओढा वाटतो. टाचण्यांच्या हिशेबीं तीं चार पांच निरनिराळीं गांवें आहेत, आणि प्रत्येक गांवची वस्ती निराळी.

या वस्तींतील मुख्य कुलें पाहूं. पहिलें कुल कॅलॉप्टेरिजिडी. या ग्रीक नांवाचा अर्थ सुंदर पंखांचें, आणि तो खरा आहे. या टाचण्या मोठ्या असून त्यांचें अंग धातूसारखें हिरवें चकाकतें. पंखांतील शिरांची जाळी फार दाट असते, आणि पंख बुडाशीं इतर टाचण्यांइतके निमुळते नसतात. त्यांचें उडणें फुलपांखराच्या फडफडण्यासारखें असतें. फेऑन, साफो आणि उम्मा असे या कुलाचे तीन गण आफ्रिकेच्या अरण्यांतील ओढ्यांवर आढळतात. त्यांपैकीं साफो आणि उम्मा हे मुख्यतः पश्चिम व मध्य आफ्रिकेचे रहिवासी आहेत. फेऑन मात्र सहाराच्या दक्षिणेस बहुतेक सर्वत्र आहे. नदीकांठीं थोडीशी दाट झाडी आणि सांवली मिळाली, कीं ती तेथें संसार मांडते.

दुसरें कुल क्लोरोसायफिडी. इंग्रज लोक यांना रत्नें म्हणतात. यांच्या चेहऱ्याचा पुढचा भाग नाकासारखा पुढें आलेला असतो, आणि पोटाची लांबी पंखांपेक्षां कमी असते. एवढ्या दोन खुणा ध्यानांत ठेविल्या तर हें कुल दुरूनही ओळखतां येतें. यांतील नर तांबडे, निळे, नारिंगी असे भडक रंगांचे असतात, आणि ओढ्यांत पडलेल्या ओंडक्यावर किंवा पाण्यावर डोकावणाऱ्या दगडावर, जेथें कवडसा पडला असेल तेथें, ठाण मांडून बसतात. यांतील प्लॅटिसायफा कॅलिगाटा हिची प्रणयाराधनाची रीत प्रसिद्ध आहे. नराच्या नडग्या रुंद असून एका बाजूनें पांढऱ्या आणि दुसऱ्या बाजूनें तांबड्या असतात. मादी जवळ येतांच तो तिच्यापुढें हवेंत तरंगत राहतो आणि त्या नडग्या थरथरवितो. अंधाऱ्या ओढ्यावर कोणीं तरी लहानशा पताका हालवाव्या तसें तें दृश्य असतें. मादी प्रसन्न झाली तर त्यानें राखलेल्या ओंडक्यांत ती अंडीं घालते. म्हणजे नराचें वैभव त्याच्या रंगांत जितकें आहे, तितकेंच त्याच्या ताब्यांतील त्या कुजक्या लाकडांतही आहे.

तिसरें कुल प्लॅटिक्नेमिडिडी. या कुलांतील अलोक्नेमिस या गणाच्या टाचण्या खऱ्या सांवलींतल्या. दक्षिण आफ्रिकेंतील अलोक्नेमिस ल्यूकोस्टिक्टा ही झाडीनें झांकलेल्या ओढ्यावर लोंबत्या फांदीच्या टोकास निश्चल बसलेली असते. तिचे पंख किंचित् पिवळट असून प्रत्येक पंखाच्या टोकाजवळ एक पांढरा ठिपका असतो, आणि शेपटीचें टोक सोन्यासारखें पिवळें असतें. काळोखांत तिचें अंग दिसत नाहीं. दिसतात ते हे पांढरे ठिपके आणि तें सोनेरी टोक.

चौथा गण स्यूडॅग्रिऑन. याच्या जाति पुष्कळ आहेत, आणि नवशिक्याला सर्वांत अधिक गोंधळांत पाडणाऱ्या त्याच. त्यांचे स्थूलमानानें दोन वर्ग करतात. एका वर्गांतील टाचण्या काळपट, दणकट, आणि वयांत आल्यावर अंगावर पांढुरकी भुरी धरणाऱ्या. त्यांचें राहणें बहुधा वाहत्या, सांवलीच्या पाण्यावर. दुसऱ्या वर्गांतील नाजूक व उजळ रंगाच्या. त्यांचें राहणें मोकळ्या, उन्हांतल्या पाण्यावर. येथेंही पाहा, कीं रूप आणि ठिकाण यांची जोडी फुटत नाहीं.

आतां प्रत्यक्ष ओळख कशी करावयाची तें सांगतों. नवशिका मनुष्य प्रथम रंगाकडे धांवतो, आणि तेथेंच फसतो. नुकतीच पाण्यांतून बाहेर आलेली टाचणी फिकट व निस्तेज असते. तिचा खरा रंग कांहीं दिवसांनीं उमटतो. वय वाढलें, कीं कित्येक जातींच्या अंगावर जांभळावर असते तशी भुरी चढते आणि खालच्या साऱ्या खुणा झांकून टाकते. शिवाय बहुतेक जातींच्या माद्या तपकिरी किंवा हिरवट असून एकमेकींशीं फार मिळत्याजुळत्या असतात. म्हणून रंगाची साक्ष शेवटीं घ्यावी. प्रथम आपण कोठें उभे आहों तें पाहावें. पाझराशीं, खळाळावर, डोहावर, कीं उन्हाच्या तुकड्यांत? उंची किती? अरण्य डोंगरावरचें कीं सखल प्रदेशांतलें? एवढ्यानेंच शंभर शक्यतांपैकीं नव्वद गळून पडतात. मग टाचणीची बैठक पाहावी. पंख मिटलेले कीं अर्धे उघडे? दगडावर बसली आहे, पानावर, कीं फांदीच्या टोकास लोंबते आहे? नंतर पंखांचे बूड व शिरांची जाळी पाहावी, नंतर चेहरा, नंतर छातीवरचे पट्टे. आणि इतकें होऊनही संशय राहिला, तर नराच्या शेपटीचें टोक भिंगाखालीं पाहावें.

शेपटीच्या टोकाचें एवढें महत्त्व कां? टाचण्यांचा नर मीलनाच्या वेळीं आपल्या शेपटीच्या टोकावरील चिमट्यानें मादीची मान धरतो. हा चिमटा प्रत्येक जातींत निराळ्या घडणीचा असतो, आणि मादीच्या मानेवरची ठेवणही त्याला जुळणारी असते. कुलूप आणि किल्ली यांचें नातें असतें त्यासारखेंच हें थोडेंबहुत आहे. रंग उन्हानें उडेल, वयानें झांकेल. पण किल्लीचे दांते बदलत नाहींत. म्हणून जाळ्यांत अलगद धरावें, पंख पाठीवर मिटवून दोन बोटांत घ्यावें, भिंगानें टोक पाहावें, आणि सोडून द्यावें. हल्लीं उत्तम छायाचित्रावरूनही पुष्कळ जाति ओळखतां येतात.

या कामीं अभ्यासकांना मोठा आधार झाला तो क्लास-डौवे डाइक्स्ट्रा आणि व्हायोला क्लाउस्निट्झर यांच्या ग्रंथाचा. सुदानपासून झिंबाब्वेपर्यंतच्या सर्व चतुर व टाचण्यांची ओळख करून देणारा त्यांचा हा ग्रंथ २०१४ सालीं बेल्जममधील तेर्वुरेन येथील संग्रहालयानें प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षीं, म्हणजे २०१५ सालीं, डाइक्स्ट्रा व त्यांचे सहकारी किपिंग आणि मेझिएर यांनीं आफ्रिकेंतील साठ नव्या जाति एकदम जाहीर केल्या. त्यांत मौज अशी, कीं यांतील बहुतेक जाति नुसत्या छायाचित्रावरूनही ओळखूं येण्याइतक्या स्पष्ट व देखण्या होत्या. त्या आजवर लपून राहिल्या त्या सूक्ष्म होत्या म्हणून नव्हे, तर त्यांच्या ओढ्यांवर जाऊन जाणत्या डोळ्यांनीं कोणीं पाहिलें नव्हतें म्हणून. त्यांतल्या एकीला उम्मा गुम्मा हें नांव मिळालें. पिंक फ्लॉइड या इंग्रज वाद्यवृंदाच्या १९६९ सालच्या एका ध्वनिमुद्रिकेचें नांव असेंच आहे. उम्मा हा गण पूर्वींच ठरलेला होता. विद्वानांना पुढची गंमत करण्याचा मोह आवरला नाहीं इतकेंच!

परंतु ओळखीचा हा खटाटोप केवळ हौसेचा नव्हे. टाचणीचें जें रूप आपण हवेंत पाहतों तो तिच्या आयुष्याचा शेवटचा, कांहीं आठवड्यांचा भाग. त्याच्या आधींचे महिने ती पाण्याखालीं डिंभाच्या रूपांत काढते. त्या अवस्थेंत तिला पंख नसतात. श्वासोच्छ्वासासाठीं शेपटीच्या टोकास बहुधा पानांच्या आकाराचे तीन कल्ले असतात. क्लोरोसायफिडी कुलांत मात्र ते कांट्यांसारखे व दोनच दिसतात, म्हणजे पाण्यांतील पोरावरूनही घराणें सांगतां येतें. हा डिंभ दगडांच्या फटींत, पानांच्या थरांत, तंतुमुळ्यांच्या झुपक्यांत दडून बसतो आणि लहानसहान पाणकिडे धरून खातो.

आतां त्या ओढ्यावरचीं झाडें तोडलीं, असें समजा. पाणी तेंच, पात्र तेंच, पण पहिल्याच उन्हाळ्यांत पाणी तापतें, आणि तापलेल्या पाण्यांत प्राणवायु कमी मावतो. कांठ धरून ठेवणाऱ्या मुळ्या कुजतात, आणि पहिल्या पावसाबरोबर मातीचा लोंढा ओढ्यांत उतरतो. तो गाळ दगडांच्या फटी बुजवितो. ज्या पानांच्या थरावर सारा पाणकिड्यांचा संसार चाले, तो थरही नाहींसा होतो. अंडीं घालावयास कुजका ओंडका नाहीं, पाण्यांत लोंबणारी मुळी नाहीं. आणि येथें एक चमत्कार होतो. त्या ओढ्यावर चतुर व टाचण्या कमी झालेल्या दिसत नाहींत. कित्येकदां त्या वाढलेल्याच दिसतात! ऊन मिळतांच मोकळ्या मैदानांवरच्या, कोठेंही राहणाऱ्या जाति तेथें येऊन भरतात. वरवर पाहणारा म्हणेल, रान तोडल्यानें ओढ्याचें बिघडलें काय? उलट गजबजच वाढली. त्याला उत्तर देतां येतें तें ज्याला नांवें येतात त्यालाच. डोकीं मोजून हा तोटा समजत नाहीं; नांवें वाचावीं लागतात. गांवांतलें जुनें घराणें उठून गेलें आणि त्याच्या जागीं बाजारकरूंची पालें पडलीं, तर गर्दी वाढलीच म्हणावयाची. पण गांव तें राहिलें काय?

उठून गेलेलें हें घराणें दुसरीकडे जाऊन राहील, अशी आशाही फोल आहे. पँटाला फ्लॅव्हेसेन्स या आपल्या परिचयाच्या पिवळ्या चतुराकडे पाहा. आपल्या माळांवर पावसाच्या सुमारास थव्यांनीं फिरणारा चतुर तो हाच. मालदीव बेटांवर राहणारे सागरी जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनीं २००९ सालीं असें प्रतिपादन केलें, कीं हा चतुर हिंदुस्थानांतून वाऱ्यावर स्वार होऊन, मालदीव व सेशेल्स यांवरून, थेट पूर्व आफ्रिकेपर्यंत समुद्र ओलांडतो. एवढासा किडा महासागर पार करतो, आणि त्याच आफ्रिकेच्या किनाऱ्यामागच्या डोंगरांतील एखादी टाचणी दोन रानांमधलें उन्हाचें शेत ओलांडीत नाहीं! पंखांचें बळ कमी म्हणून नव्हे. तिचा सारा पिंडच सांवलीचा आहे म्हणून. तिच्या दृष्टीनें तें शेत हाच समुद्र.

मात्र यावरून झाड म्हणजे चांगलें आणि सांवली म्हणजे हितकर, असा सरसकट नियम करूं नये. दक्षिण आफ्रिकेच्या केप प्रांतांतील गोष्ट याच्या उलट आहे. तेथील डोंगरी ओढ्यांच्या कांठीं स्वभावतः ठेंगणीं झुडुपें असतात, आणि तेथील टाचण्यांना त्या झुडुपांतून येणारें ऊन हवें असतें. तेथें ऑस्ट्रेलियांतून आणलेल्या वॅटल नांवाच्या बाभळीच्या जातभाईंनीं ओढे गिळून टाकले. त्यांच्या परक्या, गर्द सांवलीखालीं तेथल्याच टाचण्या नाहींशा होऊं लागल्या. १९९५ सालीं सरकारनें पाण्यासाठीं काम या अर्थाच्या नांवाची एक मोहीम सुरू केली, आणि गरीब लोकांना मजुरी देऊन हीं परकीय झाडें काढविलीं. उद्देश नद्यांना पाणी राहावें हा होता. परंतु मायकेल सॅमवेज व त्यांचे सहकारी ओढ्यांवर लक्ष ठेवून होते. त्यांना असें आढळून आलें, कीं झाडें निघतांच कांहीं दुर्मिळ जाति परत येऊं लागल्या. याच काळांत, २००३ सालीं, अनेक दशकें कोणाच्या दृष्टीस न पडलेली एक टाचणी पुन्हां सांपडली. पुढें २०१३ सालीं तिच्यासाठीं जो नवा गण केला, त्याचें नांव स्पेसबोना ठेविलें. लॅटिनमध्यें त्याचा अर्थ शुभ आशा. केप ऑफ गुड होप या भूमीचें नांवही त्यांत आलें, आणि शास्त्रज्ञांच्या मनांतली गोष्टही आली.

याच देशांत या ज्ञानाचा व्यवहारांत उपयोग करण्याची एक पद्धत बसविली गेली आहे. प्रत्येक जातीला तीन प्रश्न विचारावयाचे: तुझा प्रदेश किती मर्यादित? तुला धोका किती? ओढ्यांतील बिघाड तुला किती सोसत नाहीं? प्रत्येक उत्तरास शून्यापासून तीनपर्यंत गुण, म्हणजे एकंदर शून्यापासून नऊ. कोठेंही राहणाऱ्या जातीस शून्य, अत्यंत नाजूक व दुर्मिळ जातीस नऊ. एखाद्या ओढ्यावर कोणत्या जाति आहेत तें पाहून त्यांच्या गुणांची सरासरी काढली, म्हणजे ओढ्याची प्रकृति कळते. वैद्य नाडी पाहतो, तसें हें टाचण्यांवरून ओढ्याचें निदान. यांत महाग यंत्र लागत नाहीं. लागतो तो अभ्यासलेला डोळा.

आतां शेवटची गोष्ट टांझानियांतील पूर्व उसांबारा डोंगरांची. आपल्यापैकीं कित्येकांच्या घरीं खिडकींत कुंडींत आफ्रिकन व्हायलेटचें रोप असेल. त्याचें माहेर हेंच. १८९२ च्या सुमारास सेंट पॉल नांवाच्या जर्मन अधिकाऱ्यानें तें युरोपांत पाठविलें. या डोंगरांत अमानी नांवाचें ठिकाण आहे. १९०२ सालीं जर्मनांनीं तेथें शेती व जीवशास्त्र यांच्या संशोधनाची संस्था काढली. पहिल्या महायुद्धानंतर ती इंग्रजांच्या हातीं गेली, आणि पुढें तेथें मलेरियाचें संशोधन झालें. त्या संशोधकांत गिलीज नांवाचे डासांचे मोठे जाणकार होते. १९६२ सालीं इलियट पिन्ही या कीटकशास्त्रज्ञानें अमानीच्या ओढ्यावरील एका लांब, सडपातळ टाचणीचें वर्णन प्रसिद्ध केलें, आणि तिचें नांव ठेविलें अमानीपोडॅग्रिऑन गिलिझी. पहिल्या शब्दांत गांव, दुसऱ्यांत माणूस.

ही टाचणी आपल्या गणांत एकटी आहे. इतकेंच नव्हे, तर हल्लींच्या वर्गीकरणांत तिच्यासाठीं स्वतंत्र कुल मानलें जातें, आणि त्या कुलांतही ती एकटीच. २०१२ सालीं जगांतील अत्यंत संकटांत असलेल्या शंभर जीवांची एक यादी प्रसिद्ध झाली, तींत हिचा समावेश होता. तिची संख्या त्या वेळीं पांचशेंहून कमी असावी असा अंदाज दिला होता. एका सबंध कुलाचा वंश अमानीच्या रानांतील सांवलीच्या पाण्यावर टिकून आहे. त्या भागांत १९९७ सालापासून राखीव अरण्य आहे, ही समाधानाची गोष्ट. परंतु भोंवतालीं वस्ती वाढते आहे, चहाचे मळे आहेत, आणि वरच्या पाण्यांत जें मिसळेल तें खालीं येणारच. आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. याच डोंगरांतून निघणाऱ्या सीगी नदीचें पाणी किनाऱ्यावरील टांगा शहराला पुरविलें जातें. ज्या सांवलीनें टाचणीचा डिंभ जगतो, त्याच सांवलीनें त्या शहरांतील घरोघरच्या घागरी भरतात. टाचणीचें हित आणि माणसाचें हित हीं येथें दोन नाहींत.

आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघानें २०२१ सालीं जगांतील ६,०१६ जातींच्या चतुर व टाचण्यांचा आढावा जाहीर केला, आणि त्यांपैकीं शेंकडा सोळा जाति नष्ट होण्याच्या वाटेवर आहेत असें सांगितलें. हे आंकडे ऐकून मन क्षणभर दचकतें, आणि मग विसरतें. आंकड्याला चेहरा नसतो. ओळखीला असतो. क्लोरोसायफिडी हें जें रत्नांचें कुल मीं वर्णिलें, तें आफ्रिका आणि आशिया या खंडांत आहे, आणि सह्याद्रीच्या ओढ्यांवरही त्याची शाखा आहे. पुढें केव्हां घाटांतील एखाद्या वाहत्या ओढ्याकांठीं बसण्याचा योग आला, तर पाण्यांतून वर आलेल्या दगडाकडे पाहा. पुढें आलेल्या नाकाची, आखूड पोटाची एखादी रंगीत टाचणी त्यावर बसलेली आढळेल. ती त्या दूरच्या आफ्रिकी ओढ्यांवरील टाचण्यांची नातलग आहे. तिला पकडण्याची घाई करूं नका. ती कोठें बसली आहे, वर कोणतीं झाडें आहेत, पाणी कसें आहे, हें आधीं पाहून घ्या. तिचें गांव समजलें, कीं नांव समजण्यास वेळ लागणार नाहीं. आणि नांव समजल्यावर त्या ओढ्यावर कुऱ्हाड पडूं लागली, तर तेथून कोण उठून जाणार हें आपणांस सांगतां येईल.